पट्टीखालचं वजन

मूल पियानोच्या क्लासला जाऊ लागलं की पहिल्या पंधरवड्यातच घरी वाद्य आणण्याचा विषय निघतो आणि सल्ले सुरू होतात. एक बाजू ठाम असते: घ्यायचा तर खरा, तारांचा पियानो घ्या, डिजिटलवर हात कायमचा बिघडतो. दुसरी बाजू तितकीच ठाम: आधी आठ-दहा हजारांचा कीबोर्ड आणा, सहा महिने टिकला तर पुढचं बघू. पहिला सल्ला बहुधा अशा घरातून येतो जिथे पियानो आहे पण वाजवणारं कुणी नाही. दुसरा अशा घरातून, जिथे तसा कीबोर्ड माळ्यावर पडलेला आहे.

मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नुकत्याच शिकू लागलेल्या मुलासाठी वजनदार अशा पूर्ण ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो ही बहुतेक वेळा योग्य निवड असते. पण दुकानात तो ज्या कारणांनी गळ्यात मारला जातो ती कारणं पाहा: हेडफोन लावता येतो, आवाज कमी करता येतो, शेजाऱ्यांची कटकट नाही, बासरीपासून ड्रमपर्यंत शे-दोनशे आवाज आहेत. नेमक्या याच सोयी शिकणाऱ्या मुलाचं नुकसान करतात. डिजिटल घ्यावा तो या सोयी वापरायच्या नाहीत असं ठरवून.

हे पटायचं तर पट्टी दाबल्यावर आत काय घडतं तिथून सुरुवात करावी लागते. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानं असं वाद्य घडवलं, की बोट जोरात पडलं तर सूर मोठा आणि हलकं पडलं तर लहान. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाई. बोट कसंही टाका, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीनं तारेवर हातोडी फेकायची युक्ती काढली. ती अक्षरशः फेकलीच जाते. पट्टी दाबली की तरफांची एक साखळी हातोडीला तारेकडे ढकलते, पण तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर हातोडी त्या साखळीतून सुटते आणि उरलेलं अंतर आपल्याच वेगानं कापते. सुटली नसती तर तारेला चिकटून राहिली असती आणि सूर घुसमटला असता. म्हणजे कितीही थोर पियानोवादक असो, सूर उमटण्याच्या शेवटच्या क्षणी त्याचा हातोडीशी संबंध तुटलेला असतो. त्याच्या हाती असतो तो हातोडीला दिलेला वेग, आणि नंतर पट्टी कधी सोडायची, पेडल कधी उचलायचं हा निर्णय. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९३७ मध्ये आपल्या 'सायन्स अँड म्युझिक' या पुस्तकात याच आधारावर म्हटलं होतं, की एकच पट्टी तेवढ्याच वेगानं खाली गेली तर ती उस्तादाच्या बोटानं गेली की छत्रीच्या टोकानं, यानं फरक पडत नाही. वादकांना हे रुचलं नाही, आणि त्यांचंही थोडं खरं आहे: एका सुरानं संगीत होत नाही, शिवाय बोट पट्टीवर आपटल्याचा आवाजही सुरात मिसळतो. पण जीन्स यांचा मूळ मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही.

डिजिटल पियानो उभा आहे तो याच मुद्द्यावर. पट्टीला जोडून आत एक वजन बसवलेलं असतं. खर्जाकडे जरा जास्त, तारसप्तकाकडे कमी, जसं तारांच्या पियानोत जाणवतं तसंच. पट्टीच्या वाटेवर दोन किंवा तीन सेन्सर असतात. एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला पट्टीला किती वेळ लागला त्यावरून यंत्र वेग ओळखतं आणि मैफलीच्या मोठ्या पियानोवरून आधी ध्वनिमुद्रित केलेल्या सुरांपैकी त्या वेगाला साजेसा सूर देतं. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या पद्धतीत वेगाच्या १२७ पायऱ्या आहेत. सात वर्षांच्या मुलाला त्यातल्या पाच-सहा जरी स्वतःच्या बोटानं वेगळ्या काढून दाखवता आल्या, तरी त्याच्या शिक्षिकेनं पेढे वाटायला हरकत नाही.

आता तो आठ-दहा हजारांचा कीबोर्ड. त्याच्या पट्ट्या बहुतेक वेळा ६१, आणि पट्टीखाली स्प्रिंग किंवा रबर. जरा वरच्या किमतीत बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलतो खरा, पण बोटाला वजन उचलावं लागत नाही. आपल्या घरांतून पट्ट्यांचं वाद्य म्हणजे पेटी, त्यामुळे यात काय बिघडलं हे पटकन लक्षात येत नाही. पेटीची पट्टी ही नुसती झडप उघडते. आवाज लहानमोठा करायचा तो भात्यानं, डाव्या हातानं. उजव्या हाताच्या बोटांनी चपळ असावं, वजनाची त्यांना फिकीर नाही. साधा कीबोर्ड म्हणजे भाता काढून घेतलेली पेटी. त्यावर वर्षभर वाजवलेलं मूल कुठली पट्टी कधी दाबायची हे शिकतं आणि कशी दाबायची हे शिकत नाही. पियानोत तर शिकायचं असतं ते मुख्यतः हेच. मग क्लासमधल्या पियानोवर बसल्यावर निम्मे सूर उमटतच नाहीत आणि आई म्हणते, घरी तर छान येत होतं. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांना आपल्याकडची हजारो मुलं बसतात. त्या संस्थेनं इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा अभ्यासक्रमच पियानोपासून वेगळा ठेवला आहे. ते स्वतंत्र वाद्य आहे, त्याची स्वतःची रचना आणि तंत्र आहे. त्याला स्वस्तातला पियानो समजणं हा त्याच्यावरही अन्यायच.

वजनदार पट्ट्यांचा डिजिटल साधारण चाळीस-सत्तर हजारांत येतो. ही रक्कम काही लहान नाही. 'छंद टिकला तर' ही आईवडिलांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण छंद न टिकण्याचं एक कारण वाद्य हेच असतं. हाताला काही उत्तरच न देणाऱ्या वाद्यावर मुलाचा छंद बहुधा फार टिकत नाही, आणि मग आपली परीक्षा किती अचूक होती याचं समाधान मोठ्यांना मिळतं.

कीबोर्डविरुद्धचा खटला सोपा होता. तारांच्या पियानोची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, डिजिटलमधून येतो तो सूर नव्हे, सुराचा फोटो. एक तार वाजली की तिच्या नात्यातल्या बाकीच्या तारा आपोआप कंप पावतात, सगळा साउंडबोर्ड थरथरतो, ती थरथर बसलेल्या माणसाच्या अंगात शिरते. स्पीकरमधून हे येत नाही. पेडल अर्धवट दाबून सूर अर्धवट झाकण्याची जी नजाकत आहे ती स्वस्त डिजिटलमध्ये येत नाही. हे सगळं खरं आहे. नव्या यंत्रांनी तारांचं ते आपसातलं गुणगुणणं गणितानं आणायचा प्रयत्न चालवला आहे, पण कान असलेल्या माणसाला फरक कळतो.

तरीही यातून निष्कर्ष निघतो तो वेगळा. आपल्या संगीताच्या इतिहासात अगदी असाच एक खटला चालून गेला आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. आक्षेप सगळे बिनतोड होते: पेटीवर मींड येत नाही, तिचे बारा सूर ठोकळेबाज आहेत, श्रुतींचा तिला पत्ता नाही. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या मैफली काही पेटीवाचून अडल्या नाहीत. गोविंदराव टेंब्यांनी जिला मान मिळवून दिला होता तीच पेटी पुढे आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, पुरुषोत्तम वालावलकर यांच्या हाती साथीची कला होऊन बसली. आक्षेप खरे असूनही निकाल चुकला, कारण न्यायाधीशांनी वाद्यात काय नाही एवढंच तपासलं. ते कुणाच्या हातात आहे आणि कुठल्या कामासाठी आहे हे पाहिलं नाही. डिजिटल पियानोचंही तसंच आहे. शोपँचं नॉक्टर्न मैफलीत वाजवायचं असेल तर तो अपुरा आहे. आपलं मूल तूर्त पाच बोटांच्या पाच सुरांत आहे.

आणि ज्याला आपण 'खरा' म्हणतो तो पियानो आपल्या हवेत किती काळ खरा राहतो, हेही विचारलं पाहिजे. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा सगळा भार ओतीव लोखंडाची चौकट पेलते, पण सूर ठरतो तो जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर जाडीच्या लाकडी साउंडबोर्डवर, आणि लाकूड हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात ते फुगतं, तारा ताणल्या जातात, मधली सप्तकं चढतात; हवा कोरडी झाली की उलट. या वाद्याला मानवते ती साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता. मुंबईची जुलैतली हवा ८० च्या वर असते. पुण्याची तऱ्हा याहून वाईट, कारण मुंबई निदान बाराही महिने दमट असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडीठाक आणि तीन महिन्यांनी भिंतींना ओल. लाकडाला सगळ्यांत नकोसे असतात ते हे हेलकावे. म्हणून वर्षातून दोनदा तरी ट्यूनिंग हवं, आणि ते करणारी जाणती माणसं शहरागणिक मोजकी. त्यातून परवडतो म्हणून घेतलेला पियानो बहुधा जुना असतो: खुंट्या ढिल्या, तारांना गंज, फेल्टला कसर, मागच्या फळीत वाळवीनं आधीच संसार थाटलेला. असा पियानो ट्यून केला तरी महिन्याभरात उतरतो.

आता या पियानोवर मूल रोज अर्धा तास बसतं आणि त्याचा कान घडतो. इथे तानपुऱ्याची आठवण काढावीच लागते. गाणं शिकणाऱ्या मुलाच्या हाती इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलमधलं ॲप देऊ नये असं जेव्हा जुने गुरुजी म्हणत, तेव्हा त्यामागे ठोस कारण होतं: मिरजेचा तानपुरा स्वतः जुळवता जुळवता षड्ज कानात मुरतो. जुळवणं हेच शिक्षण होतं. सतारिया, व्हायोलिनवाला, तबलजी, सगळे आपापलं वाद्य स्वतः सुरात आणतात. पियानोवादक आणत नाही. वाद्य सुरात आहे की नाही ही त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाची जबाबदारी असते, आणि सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर संपूर्णपणे आईवडिलांची. त्यामुळे 'नैसर्गिक नादानं कान तयार होतो' हा तानपुऱ्याच्या बाबतीत खरा असलेला युक्तिवाद पियानोला जसाच्या तसा लागू पडत नाही. सुरात नसलेला पियानो मुलाच्या कानाला काहीच शिकवत नाही असं नाही. तो बेसूर शिकवतो. डिजिटलचा सूर सरधोपट असेल, पण तो ऑगस्टमध्येही जागेवर असतो.

शिवाय घरी सरावाला एक वाद्य आणि मैफलीला दुसरं, ही काही इलेक्ट्रॉनिक युगानं केलेली तडजोड नाही. अठराव्या शतकातल्या जर्मनीत चर्चचा ऑर्गन वाजवायचा तर भाता हाकायला दुसरा माणूस लागे, आणि हिवाळ्यात चर्च गारठलेलं. सराव व्हायचा तो घरी, क्लॅव्हिकॉर्डवर. हे वाद्य इतकं हळू बोलतं की शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू जावं. पण त्यात पितळेची छोटी पट्टी तारेला भिडते आणि बोट उचलेपर्यंत भिडलेलीच राहते, त्यामुळे बोटातला प्रत्येक बारकावा तारेपर्यंत पोचतो. थोरल्या बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल यानं १७५३ मध्ये वादनकलेवर जो ग्रंथ लिहिला त्यात वादकाची खरी पारख क्लॅव्हिकॉर्डवर होते असं मत दिलं आहे, आणि शिकणाऱ्याकडे हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड दोन्ही असावेत असंही सुचवलं आहे. तेव्हा घरचं वाद्य लहान होतं, त्याचा आवाज क्षीण होता, मैफलीत त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि तरीही शिकण्यासाठी तेच मोलाचं मानलं गेलं. कारण ते बोटाला उत्तर देत होतं. डिजिटल घेताना हीच कसोटी लावावी. स्पीकर किती वॅटचे आणि आवाज किती प्रकारचे हे विचारण्याऐवजी दुकानात एकच पट्टी हळू, आणखी हळू, त्याहून हळू दाबून पाहावी. शेवटपर्यंत फरक ऐकू आला तर यंत्र कामाचं.

आता माझी खरी तक्रार. ती डिजिटल पियानोवरच्या एका छोट्या बटणाबद्दल आहे, आवाज कमी-जास्त करण्याच्या.

पियानोत आवाज लहान करण्याचा मार्ग बोटातून जातो, आणि तो लांबचा आहे. हळू वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड. हातोडीला पुरेसा वेग दिला नाही तर सूर उमटतच नाही, जरा जास्त दिला तर तो मोठा होतो; या दोन्हींमधली चिंचोळी जागा बोटानं शोधायची. शिकण्याची पहिली दोन-तीन वर्षं ही जागा शोधण्यात जातात. डिजिटलवर मात्र बाबांचा फोन आला की बटण खाली, पाहुणे आले की बटण वर. मग सोमवारी ज्या जोरानं मध्यम आवाज आला त्याच जोरानं मंगळवारी कुजबुज येते. मूल साहजिकच पट्टीवर हाणायला लागतं. बोटाचा जोर आणि सुराचा आकार यांतलं नातं रोज बदलत राहिलं तर ते हातात बसणार कसं? 'डिजिटलवर हात बिघडतो' असं जे शिक्षक म्हणतात त्यांनी बिघाड बरोबर पाहिलेला असतो. मात्र पुष्कळदा तो पट्ट्यांनी झालेला नसतो, बटणानं झालेला असतो. उपाय गावठी आहे. क्लासमधला पियानो खोलीत जेवढा मोठा वाजतो साधारण तेवढ्यावर बटण आणून ठेवायचं आणि त्यावर चिकटपट्टी लावायची. घरातल्या मोठ्यांसाठीही.

हेडफोनचा प्रश्न याहून खोल आहे. हेडफोनमध्ये मुलाला उत्तम पियानो ऐकू येतो, उत्तम सभागृहात वाजल्यासारखा, थोडा घुमारा देऊन सगळे खड्डे बुजवलेला. घरातल्यांना ऐकू येते ती फक्त पट्ट्यांची खडखड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हर्जिल नावाच्या गृहस्थांनी बिनआवाजाचा सरावाचा पियानो विकायला काढला होता आणि तो बराच खपलाही. त्याच्या कितीतरी आधी जर्मन संगीतकार शुमाननं तरुण संगीतकारांना अशा मुक्या वाद्यांपासून सावध केलं होतं. हेडफोन लावलेला डिजिटल मुलापुरता बोलका असतो आणि घरापुरता मुका. मला यातलं घरापुरतं मुकेपण जास्त घातक वाटतं.

आपल्याकडे गाणं घरात रुजलं ते कसं, आठवून पाहा. मूल पेटी घेऊन बाहेरच्या खोलीत बसतं, आजी आत भाजी निवडते आहे, आणि आतून आवाज येतो: "अगं, ते परत वाजव, निषाद लागला नाही." महाराष्ट्रातल्या संगीतशिक्षणाचा अर्धा कारभार असा स्वयंपाकघरातून चालला आहे. पियानोच्या स्वरलिपीचा गंध नसलेल्या आजीलाही नातू रोज त्याच जागी अडखळतो हे ऐकू येतं, आणि ती तसं म्हणते. ऐकणारं कुणी आहे म्हणून मूल तुकडा शेवटपर्यंत नेतं. नाहीतर येतो तेवढाच सुरुवातीचा भाग पन्नासदा वाजवून उठतं. आठवड्यातून अर्धा-पाऊण तास भेटणाऱ्या शिक्षिकेला हे काम जमणार नाही. घराला ऐकू येणं हा सरावाचाच भाग आहे, आणि हेडफोन तोच कापून टाकतो. रात्री नऊनंतर वाजवायचंच असेल तर हेडफोन ठीक. त्याआधी नको.

यावर कुणी म्हणेल, सोसायटीचं काय? सोसायटीत सकाळी सहाला मिक्सर चालतो, दुपारी ड्रिल चालतं, भाद्रपदात दहा दिवस ढोल चालतो. संध्याकाळी सहा ते साडेसहा एका मुलाचा पियानो हा अर्ज त्या मानानं नम्र आहे. शेजाऱ्यांना वेळ आधी सांगून ठेवावी, वाद्य सामाईक भिंतीला टेकवू नये, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

गाण्याची पट्टी बदलणाऱ्या बटणाबद्दलही दोन शब्द. आपल्या घरांत कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी चारमध्ये, आणि मुलानं साथ करावी अशी हौस सगळ्यांनाच असते. डिजिटलवर बटण दाबलं की हात तिथेच ठेवून षड्ज हवा तिथे नेता येतो, स्केल चेंजर पेटीसारखाच. मोठ्यांच्या मैफलीत ही मोठी सोय. पण ज्या मुलाच्या डोळ्याला दिसणारी पट्टी आणि कानाला येणारा सूर यांची अजून नुसती ओळख होते आहे, त्याला पट्टी दिसते एक आणि सूर येतो दुसरा. साथ करायचीच तर काळी एकमधून वाजवायला शिकू द्यावं. त्यासाठीच तर बारा पट्ट्या आहेत.

वाद्याच्या उंचीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि माझ्या मते हात बिघडवण्यात तिचाही वाटा मोठा असावा. डिजिटल हलका असतो म्हणून तो जेवणाच्या टेबलावर ठेवला जातो, किंवा फुलीच्या आकाराच्या डगमगत्या स्टँडवर. मुलाची कोपरं पट्ट्यांच्या खाली लोंबतात, मनगट वर मोडतं, पाय अधांतरी. कोपर पट्टीच्या पातळीला यावं इतकी बैठक उंच हवी आणि पायांखाली पाट हवा. पाट प्रत्येक मराठी घरात असतो.

डिजिटलनं आणखी एक गोष्ट केली जी संगीताच्या हिशेबात सहसा धरली जात नाही. १९४९ च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसतो तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, हिंदी चित्रपटानं पियानो बंगल्यातल्या झुंबराखाली बसवला. तो वाजवायचा तो पार्टीत, प्रेमभंग झाल्यावर. प्रत्यक्षातही मुंबईत पियानो होता तो पारशी आणि गोवेकर ख्रिस्ती घरांत, काही सुखवस्तू बंगल्यांत आणि क्लबांत. चाळीच्या जिन्यावरून दोन-सव्वादोनशे किलोचं वाद्य चढवण्याचा विचारही कुणी केला नसता. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आज एखादी मुलगी बाखचा मिन्युएट बसवते आहे ती अकरा-बारा किलोच्या डिजिटलमुळे. 'खरा घ्या, नाहीतर घेऊच नका' असं म्हणणाऱ्याला हे वाद्य पुन्हा झुंबराखाली न्यायचं आहे, त्याच्या मनात तसं नसलं तरी.

ज्यांच्या घरी आजोबांचा पियानो आहे, ट्यूनर वर्षानुवर्षं येतो आहे, वाद्य सुरात राहतं, त्यांनी अर्थातच डिजिटलच्या भानगडीत पडू नये. मडगाव-म्हापशाकडे, वांद्र्यात, दादरच्या पारशी कॉलनीत अशी घरं अजून आहेत. चांगला राखलेला पियानो पन्नास वर्षं चालतो. डिजिटलचे रबरी कॉन्टॅक्ट आठ-दहा वर्षांत झिजू लागतात आणि तोवर कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं असतं. वीज गेली तरी पियानो वाजतो, ही गोष्ट भारनियमनात वाढलेल्या पिढीला सांगायला नको.

बाकीच्यांनी डिजिटल घ्यावा आणि मुलाला तारांच्या पियानोपर्यंत नियमानं नेत राहावं. बहुतेक शिक्षिकांकडे तो असतो. तासाच्या आधी दहा मिनिटं नुसतं बसून वाजवू द्या, अशी विनंती करावी. परीक्षेत, वार्षिक कार्यक्रमात, दुसऱ्याच्या घरी नेहमी परकंच वाद्य मिळणार. विख्यात पियानोवादक होरोविट्झ १९८६ मध्ये मॉस्कोला गेला तेव्हा त्यानं आपला पियानो न्यूयॉर्कहून सोबत नेला. बाकीच्या जगाला सभागृहात जे असेल त्यावर भागवावं लागतं. परक्या वाद्याशी पाच मिनिटांत ओळख करून घेणं हे पियानोवादकाचं वेगळं कौशल्य आहे, आणि दोन प्रकारच्या वाद्यांवर वाढणाऱ्या मुलाला ते आयतं मिळतं.

आणि एकदा तरी उभ्या पियानोची पुढची फळी काढून मुलाला आत पाहू द्यावं. डिजिटल ही बंद पेटी आहे, सूर कुठून येतो ते दिसत नाही. इथे मूल एक पट्टी हळूच दाबतं आणि तार दाबून धरणारा डॅम्पर तारेवरून उठतो, हातोडी पुढे येऊन आपटते आणि मागे पडते. उजवं पेडल दाबलं की सगळेच्या सगळे डॅम्पर एकदम उठतात, आणि मग पेडल दाबून ठेवलं की सगळं का मिसळतं हे वेगळं शिकवावं लागत नाही. घरी वायरीच्या टोकाला असलेलं, फरशीवर घसरणारं पेडल त्यानंतर मूल वेगळ्या पायानं दाबतं.

चार-पाच वर्षांनी एक दिवस तक्रार येईल. एकच सूर भराभर वाजवताना पट्टी वेळेवर परत येत नाही, किंवा पेडल अर्धं धरता येत नाही, किंवा नुसतंच, क्लासमधला सूर इथे येत नाही. तेव्हाही 'आता उभा पियानो' हे उत्तर आपोआप निघत नाही. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता यावा अशी यंत्रणा पियानो बनवणाऱ्या एरारनं १८२१ मध्ये केली ती आडव्या, ग्रँड पियानोसाठी. उभ्या पियानोत हातोडी आडवी चालते, तिला गुरुत्वाकर्षणाची मदत नसते, आणि ती सोय पूर्णपणे येत नाही. भराभर सुरांची तक्रार उभ्या पियानोनं सुटेलच असं नाही. सुराची आणि पेडलची सुटेल. कुठली तक्रार आहे हे मुलालाच विचारावं. त्या वयाला त्याला सांगता येतं. आणि नवा असो वा जुना, पियानो बघायला जाण्याआधी ट्यूनरला फोन करावा, घर कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर ते सांगावं, आणि तो पावसाळ्यानंतर एकदा, उन्हाळ्याआधी एकदा यायला तयार आहे का ते विचारावं. तो नाही म्हणाला तर पियानो बघायला जाऊ नये.